येत्या काही वर्षांत आकाशात काय पाहायचं? ग्रहणं, उल्का, लघुग्रह आणि अंतराळ मोहिमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण २०२६ च्या उत्तरार्धापासून २०३१ पर्यंतचा काळ इथे धरला आहे. दोन-चार गोष्टी त्याच्याही पुढच्या आहेत. ज्या घटनेसाठी रजा टाकावी, प्रवास करावा, पहाटे उठावं असं मला मनापासून वाटतं, तिच्याबद्दल जास्त लिहिलं आहे. बाकीच्या ठिकाणी कामापुरतं.

इतक्या तारखा कानावर पडतात. त्यांतल्या भरवशाच्या कोणत्या?

आधी ती तारीख कोणाची आहे ते बघायचं. ग्रहणं, ग्रहांच्या युती, ठरलेले उल्कावर्षाव यांच्या तारखा आकाशाच्या आहेत. चंद्र आणि पृथ्वी यांच्या गती इतक्या बारकाईने मोजलेल्या आहेत, की २०२७ च्या ग्रहणात अमुक गावी खग्रास अवस्था किती वाजता लागेल हे सेकंदांसकट आजच सांगता येतं. या तारखा कोणी पुढे ढकलू शकत नाही. आपण चुकलो तर चुकलो.

उड्डाणांच्या तारखा माणसांच्या आहेत. पैसा, हवामान, इंधनाची गळती, अर्धवट राहिलेल्या चाचण्या यांतलं काहीही आडवं येतं आणि तारीख लांबते. मात्र यान एकदा पृथ्वी सोडून निघालं की बहुतेक वेळा तेही आकाशाच्या हिशोबात येतं, कोणत्या महिन्यात कुठे पोचणार ते सांगता येतं.

तिसरा प्रकार आहे तारीखच नसलेल्या गोष्टींचा. नवा धूमकेतू किंवा एखाद्या ताऱ्याचा स्फोट यात मोडतो. ग्रहणासाठी तिकीट खुशाल काढून ठेवावं, उड्डाणाची तारीख पेन्सिलने लिहावी, आणि या तिसऱ्या प्रकारासाठी आकाशाची ओळख आधीपासून करून ठेवावी.

पुढची खग्रास सूर्यग्रहणं कधी आणि कुठे आहेत?

१२ ऑगस्ट २०२६ ला चंद्राची गडद सावली ग्रीनलँड आणि आइसलँडच्या पश्चिम टोकावरून स्पेनमध्ये उतरते. आइसलँडजवळ खग्रास अवस्था जास्तीत जास्त २ मिनिटं १८ सेकंद टिकते. स्पेनमध्ये ग्रहण सूर्यास्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे तिथे पश्चिमेचं क्षितिज मोकळं असलेली जागाच निवडावी लागते. डोंगर किंवा इमारत आड आली तर सगळा प्रवास वाया.

त्यानंतर २ ऑगस्ट २०२७ (त्याबद्दल पुढच्या प्रश्नात), आणि २२ जुलै २०२८ ला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. त्या दिवशी सिडनीसारखं मोठं शहर थेट खग्रास पट्ट्यात आहे. २० मार्च २०३४ चं ग्रहण आफ्रिकेतून निघून अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत भारताच्या उत्तर टोकाला पोचतं.

कंकणाकृती ग्रहणं वेगळी. ६ फेब्रुवारी २०२७ ला चिली, अर्जेंटिना आणि पश्चिम आफ्रिकेचा किनारा, २६ जानेवारी २०२८ ला दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि मग पोर्तुगाल-स्पेन. म्हणजे स्पेनच्या वाट्याला दीड वर्षाच्या आत तीन मोठी ग्रहणं येतात. असं भाग्य एखाद्या देशाला क्वचितच लाभतं.

२ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण ते लांब आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास अवस्था ६ मिनिटं २३ सेकंद टिकणार आहे. बहुतेक खग्रास ग्रहणं दोन-तीन मिनिटांत आटोपतात. सैद्धांतिक कमाल साडेसात मिनिटांच्या आसपास आहे. एवढं लांब खग्रास ग्रहण यानंतर थेट २११४ मध्ये होईल.

लांबीमागे तीन कारणं एकत्र आली आहेत. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, त्यामुळे ऑगस्टच्या आरंभीही सूर्यबिंब किंचित लहान दिसतं. चंद्र नेमका पृथ्वीच्या जवळ आलेला आहे, त्यामुळे त्याचं बिंब मोठं आहे. आणि सावलीचा पट्टा विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळून जातो. तिथे पृथ्वीचा पृष्ठभाग स्वतःभोवती फिरताना सावलीच्याच दिशेने वेगाने पुढे जात असतो, म्हणून सावलीला त्याला ओलांडून जायला जास्त वेळ लागतो.

मला या ग्रहणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती त्याची वंशावळ. ग्रहणं १८ वर्षं, ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी जवळजवळ तशीच पुन्हा होतात. या कालावधीला सारोस म्हणतात. २०२७ मधून एक सारोस मागे गेलं की २२ जुलै २००९, भारत आणि चीनमधून दिसलेलं ग्रहण. आणखी एक मागे, ११ जुलै १९९१, हवाई आणि मेक्सिको. तिन्ही एकाच मालिकेतली. जास्तीच्या त्या ८ तासांत पृथ्वी स्वतःभोवती एक तृतीयांश फेरी आणखी मारते, म्हणून प्रत्येक वेळी पट्टा जगाच्या वेगळ्याच भागावर पडतो. १९९१ मध्ये कमाल ६ मिनिटं ५३ सेकंद होती, २००९ मध्ये ६ मिनिटं ३९, आता ६ मिनिटं २३. मालिका हळूहळू उतरणीला लागली आहे.

पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया असा जातो. ऑगस्टमध्ये लक्सरच्या आकाशात ढग जवळजवळ नसतातच, म्हणून जगभरचे ग्रहणप्रेमी तिकडे डोळे लावून बसले आहेत. भारताच्या काही भागांतून त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास ग्रहण दिसेल.

त्या दिवशी जगभर सहा मिनिटं अंधार होणार, असा मेसेज आला आहे. खरं का?

नाही. अंधार फक्त सुमारे २५८ किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात, आणि प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या वेळी. पट्ट्याबाहेर खंडग्रास, त्याहून लांब काहीच नाही. असले मेसेज दर ग्रहणाआधी फिरतात, पुढे पाठवू नका.

आमच्याकडून ९९ टक्के ग्रहण दिसणार आहे. तेवढ्यावर भागेल ना?

नाही भागणार, आणि हे मी अगदी आग्रहाने सांगतो. सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का उरला तरी तो पौर्णिमेच्या चार हजार पट उजेड देतो. म्हणजे ९९ टक्के ग्रहणात दिवस मळभ आल्यासारखा होतो, एवढंच. सूर्याभोवतीचं तेजोवलय, म्हणजे प्रभामंडल, दिसत नाही.

पट्ट्याच्या आत मात्र शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत सगळं बदलू लागतं. झाडाखालच्या जमिनीवर पानांमधल्या फटींतून पडलेले उजेडाचे गोल कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. सूर्याची कोर बारीक होत जाते तशा सावल्यांच्या कडा एका बाजूने विलक्षण रेखीव होतात. हात पसरला तर जमिनीवर बोटांवरची लवसुद्धा दिसते. हवा गार होते. पश्चिमेकडून काळसर निळी भिंत चालून येते. चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून शेवटचा प्रकाश मण्यांसारखा चमकतो, मग एकच मणी उरतो, त्याला हिऱ्याची अंगठी म्हणतात. तोही विझला की काळ्या बिंबाभोवती मोतिया रंगाचं प्रभामंडल पसरलेलं दिसतं, दिवसा शुक्र दिसतो, आणि क्षितिजावर चारही बाजूंना संधिप्रकाश असतो.

पट्ट्याच्या काठापासून दहा-वीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने घरी थांबू नये. तेवढा प्रवास करावाच.

डोळ्यांचं काय?

सूर्याचा चिमूटभर भाग जरी दिसत असला तरी आयएसओ १२३१२-२ प्रमाणित ग्रहण-चष्मा हवाच. चौदा नंबरची वेल्डिंगची काचही चालते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, रंगीत प्लास्टिक चालत नाही. त्यांतून उजेड कमी भासतो, पण न दिसणारी अवरक्त किरणं आत जातात आणि डोळ्याचा पडदा भाजतो. पडद्याला वेदना होत नाही, म्हणून इजा झाल्याचं लगेच कळतही नाही.

ग्रहण-चष्मा घालून दुर्बिणीला डोळा लावणं सर्वांत घातक. दुर्बीण उजेड एकवटते आणि चष्म्याची फिल्म क्षणात जाळते. दुर्बिणीला गाळणी पुढच्या तोंडाशी लावायची असते.

खग्रास अवस्था पूर्ण लागल्यावर, फक्त तेवढी मिनिटं, चष्मा काढून उघड्या डोळ्यांनी पाहायचं. हेही तितकंच महत्त्वाचं आहे. भीतीपोटी चष्मा न काढता उभे राहिलेल्यांना प्रभामंडल दिसलेलंच नसतं. चंद्रग्रहणाला यातलं काहीही लागत नाही.

मोठं चंद्रग्रहण कधी आहे?

३१ डिसेंबर २०२८. वर्षाची शेवटची रात्र, त्या महिन्यातली दुसरी पौर्णिमा, आणि खग्रास चंद्रग्रहण. आशियातून ते रात्रीच्या चांगल्या वेळेत दिसेल, भारतात ग्रहणमध्य रात्री सव्वादहा-साडेदहाच्या सुमारास. खग्रास अवस्था तासाभरापेक्षा जास्त टिकेल. त्याआधी २८ ऑगस्ट २०२६ ला अमेरिका, युरोप आणि आफ्रिकेतून खंडग्रास आहे, त्यात चंद्रबिंबाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग झाकला जातो. २०२७ मधली चंद्रग्रहणं सगळी छायाकल्प, म्हणजे चंद्र किंचित मलूल होतो. त्यासाठी जागू नका.

उल्कावर्षाव कोणता गाठावा?

दोनच लक्षात ठेवले तरी पुरे. १२-१३ ऑगस्टच्या रात्रीचा ययाती उल्कावर्षाव आणि १३-१४ डिसेंबरचा मिथुन उल्कावर्षाव. पहिला स्विफ्ट-टटल या धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीचा, उल्का सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने येतात आणि मागे धुराची रेघ ठेवून जातात. दुसऱ्याचा जनक फेथॉन हा लघुग्रह आहे, धूमकेतू नाही. मिथुनच्या उल्का संथ, पिवळसर आणि भरपूर. दोघांत निवडायचं झालं तर मी मिथुन निवडेन.

बाकी सगळं चंद्रावर ठरतं. २०२६ मध्ये दोन्ही वेळा नशीब जोरावर आहे. १२ ऑगस्टला अमावास्याच (म्हणून तर त्याच दिवशी सूर्यग्रहण), आणि १३ डिसेंबरला चंद्राची कोर संध्याकाळीच मावळते. २०२७ मध्ये मात्र मिथुन उल्कावर्षावाच्या वेळी पौर्णिमा आहे.

बातम्यांतला ‘ताशी शंभर-दीडशे उल्का’ हा आकडा पूर्ण काळोख, स्वच्छ हवा आणि उल्कांचा उगमबिंदू थेट डोक्यावर, अशा आदर्श स्थितीचा असतो. शहराच्या कडेवरून ताशी दहा दिसल्या तरी चांगलं. अंधारात डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की ती सगळी मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

ग्रह एका रांगेत येतात म्हणजे काय? काही विशेष असतं का?

सगळे ग्रह जवळजवळ एकाच प्रतलात फिरतात, त्यामुळे आकाशात ते नेहमीच एका रेषेच्या आसपास असतात. तीन-चार एकदम दिसले तर बघायला छान, पृथ्वीवर त्याचा परिणाम काहीही नाही.

त्याऐवजी फेब्रुवारी २०२७ लक्षात ठेवा. गुरू आणि मंगळ एकाच महिन्यात प्रतियुतीत येतात, म्हणजे सूर्य मावळला की उगवतात आणि रात्रभर दिसतात. दोघंही मघा ताऱ्याच्या परिसरात असतील. पांढरट तेजस्वी गुरू, नारिंगी मंगळ आणि निळसर मघा, तिघं एका नजरेत. मंगळाची ही प्रतियुती मात्र दूरची आहे. तो सुमारे १० कोटी किलोमीटरवर असेल, २०१८ मध्ये ५.८ कोटींवर आला होता. दुर्बिणीतून बिंब लहान दिसेल. तितकी जवळची संधी पुन्हा २०३५ मध्ये.

शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला कडेवरून, म्हणजे जवळजवळ अदृश्य दिसली होती. आता ती दरवर्षी थोडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. १३ नोव्हेंबर २०३२ ला बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसणार आहे, तेही टिपून ठेवा.

सुपरमून?

२४ डिसेंबर २०२६ ची पौर्णिमा त्या वर्षातली सर्वांत जवळची. फरक मोजता येतो, डोळ्यांना जाणवणं कठीण. चंद्र उगवताना बघा, तो कोणत्याही महिन्यात सुंदर दिसतो.

अपोफिस लघुग्रह आदळणार आहे का?

नाही. २००४ मध्ये तो सापडला तेव्हा पहिल्या काही निरीक्षणांवरून २०२९ मध्ये टक्कर होण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती, आणि म्हणून त्याचं नाव सगळीकडे झालं. निरीक्षणं वाढली तशी ती शक्यता निकालात निघाली. मार्च २०२१ च्या रडार मोजणीनंतर पुढची किमान शंभर वर्षं त्याच्यापासून धोका नाही हे नक्की झालं.

आता जे होणार आहे ते धोक्याशिवायचं आणि म्हणून निखळ आनंदाचं आहे. १३ एप्रिल २०२९ ला सुमारे साडेतीनशे मीटरचा हा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाईल. दूरसंचाराचे भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतात, हा त्यांच्याही आतून जाणार. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल, मध्यम तेजाच्या ताऱ्याएवढा. फरक हा, की हा तारा सरकताना दिसेल. सर्वांत जवळ असताना तो मिनिटाभरात चंद्रबिंबाच्या रुंदीएवढं अंतर सहज ओलांडेल. एवढ्या मोठ्या लघुग्रहाने इतक्या जवळून जाणं काही हजार वर्षांतून एकदा घडतं, आणि आपल्याला ते तारीख-वेळेसकट आधी कळलेलं आहे.

शास्त्रज्ञांना जास्त उत्सुकता आहे ती पृथ्वी त्या दगडाचं काय करेल याची. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा कायमची बदलेल, स्वतःभोवती फिरण्याची गती बदलेल, कदाचित त्याच्या अंगावरची माती घसरेल आणि आतला ताजा थर उघडा पडेल. ते टिपायला दोन यानं सज्ज होत आहेत. नासाचं ओसायरिस-एपेक्स हे जुनंच यान. बेन्नू लघुग्रहाची माती त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर टाकली आणि तसंच पुढे निघालं. अपोफिसला ते या भेटीनंतर गाठेल. युरोपचं रॅमसेस २०२८ मध्ये उडून भेटीच्या आधीच तिथे पोचायचं आहे, म्हणजे आधीचा आणि नंतरचा अपोफिस ताडून पाहता येईल. रॅमसेसचं उड्डाण माणसांच्या हातात आहे, पण ते लांबवून चालणार नाही. अपोफिस कोणासाठी थांबणार नाही.

‘नवा तारा’ दिसणार असं दोन वर्षं ऐकतोय. तो कुठे आहे?

टी कोरोनी बोरिअॅलिस. उत्तर मुकुट या तारकासमूहात, सुमारे ३,००० प्रकाशवर्षं दूर. तिथे एक श्वेत बटू (इंधन संपून आकसलेला छोटा, घट्ट तारा) आणि एक तांबडा राक्षसी (फुगून प्रचंड झालेला) तारा एकमेकांभोवती फिरतात. राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन बटूवर साचत जातो, थर पुरेसा जाड आणि तापलेला झाला की त्याचा अणुस्फोट होतो, थर उडून जातो आणि पुन्हा साचायला सुरुवात होते. १८६६ आणि १९४६ मध्ये असे स्फोट दिसले. मधलं अंतर ऐंशी वर्षांचं, म्हणून सगळे वाट बघत आहेत. नेमकी तारीख मात्र कोणीही देऊ शकत नाही. कोणी दिली तर विश्वास ठेवू नका.

एरवी तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही. स्फोट झाला की काही तासांत ध्रुवताऱ्याएवढा तेजस्वी होईल आणि आठवड्याभरात नजरेआड जाईल. म्हणून ती जागा आधीच ओळखीची हवी. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेला की स्वाती. स्वातीकडून अभिजितकडे जाताना वाटेत, स्वातीच्या जवळ, ताऱ्यांची अर्धगोल माळ लागते. तीच उत्तर मुकुट. माळेतला एकच तारा ठळक आहे. ज्या रात्री त्याच्या जोडीला तेवढाच ठळक दुसरा तारा माळेच्या किंचित बाहेर दिसेल, ती रात्र तुमची.

धूमकेतूंचा काही भरवसा?

नाही. २०१३ मध्ये आयसॉनकडून मोठ्या आशा होत्या, तो सूर्याजवळून जाताना विरघळून गेला. २०२० चा निओवाइज मार्चमध्ये सापडला आणि जुलैत नुसत्या डोळ्यांनी दिसला. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेमुळे यापुढे ते लवकर सापडू लागतील. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन ती दर काही रात्रींनी दक्षिणेचं जवळजवळ सगळं आकाश टिपते, आणि हे दहा वर्षं चालणार आहे.

यावरच बेतलेली एक मोहीम मला फार आवडते. युरोप आणि जपानचं कॉमेट इंटरसेप्टर या दशकाच्या अखेरीस उडायचं आहे, आणि कोणत्या धूमकेतूकडे जायचं हे उडताना ठरलेलं नसेल. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ते दबा धरून बसेल. सूर्याकडे पहिल्यांदाच येणारा एखादा धूमकेतू आवाक्यात सापडला की निघेल.

अंतराळ मोहिमांच्या तारखा सारख्या का लांबतात?

कारण तिथे गेल्यावर दुरुस्ती करता येत नाही. वेब ही अंतराळ दुर्बीण मुळात २००७ मध्ये जायची होती, गेली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तिचं आजचं काम पाहता ती प्रत्येक चाचणी सार्थकी लागली. ग्रहांच्या मोहिमांना आणखी एक जाच असतो. मंगळाकडे कमी इंधनात जाण्याची संधी दर २६ महिन्यांनी येते. एक चुकली की दोन वर्षांहून जास्त थांबा. युरोपची रोझालिंड फ्रँकलिन ही बग्गी २०१८, मग २०२०, मग २०२२ असं करत आता २०२८ वर आली आहे. २०२२ मध्ये यान तयार होतं, पण युक्रेन युद्धामुळे रशियाबरोबरची भागीदारी तुटली. ही बग्गी मंगळावर दोन मीटर खोल छिद्र पाडणार आहे. एवढ्या खोलवर अंतराळातलं प्रारण (रेडिएशन) पोचत नाही, म्हणून जुन्या सेंद्रिय रेणूंच्या खुणा तिथे टिकलेल्या असू शकतात. उशीर झाला तरी तिची वाट पाहण्यासारखी आहे.

जी यानं आधीच निघाली आहेत, ती कुठे पोचणार आहेत?

२०२६ चा नोव्हेंबर भरगच्च आहे. आठ वर्षं प्रवास करून बेपीकोलंबो बुधाच्या कक्षेत शिरायचं आहे. बुधाकडे जाणं म्हणजे सूर्याच्या ओढीत कोसळणं. अडचण वेग वाढवण्याची नसून आवरण्याची आहे. म्हणून त्याने पृथ्वीला एकदा, शुक्राला दोनदा आणि बुधाला सहा वेळा वळसे घालत वेग उतरवला. प्रवासात त्याच्या विद्युत इंजिनांना पुरेशी वीज मिळेना, तेव्हा मार्ग नव्याने आखावा लागला आणि पोचणं जवळजवळ वर्षभर लांबलं. याआधी बुधाच्या कक्षेत फक्त मेसेंजर राहिलं आहे.

त्याच सुमारास हेरा हे यान डिडिमॉस या जोड लघुग्रहापाशी पोचेल. २०२२ मध्ये नासाच्या डार्टने त्यातल्या धाकट्या डायमॉर्फोसला मुद्दाम धडक दिली आणि त्याचा फेरा अर्ध्या तासाने कमी झाला. धडकेनंतर तिथे खड्डा पडला की सगळा दगडच बदलून गेला, हे हेरा पाहील.

आणि त्याच महिन्यात १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस अंतरावर जाईल, म्हणजे जवळपास २,५९० कोटी किलोमीटर. आज पाठवलेली आज्ञा त्याला उद्या मिळेल आणि उत्तर परवा येईल.

पुढे: ऑगस्ट २०२७ मध्ये नासाचं ल्युसी हे यान ट्रोजन लघुग्रहांपैकी (गुरूच्याच कक्षेत त्याच्या पुढे-मागे राहून सूर्याभोवती फिरणारे) पहिल्याला भेटेल. २०२७ च्या अखेरीस चीनचं थ्येनवन-२ कामोओआलेवा या छोट्या लघुग्रहाची माती आणून टाकायचं आहे. तो चंद्राचाच उडालेला तुकडा असावा, अशी एक शक्यता मांडली गेली आहे. २०२९ मध्ये सायकी हे यान त्याच नावाच्या धातूने समृद्ध लघुग्रहाला गाठेल.

युरोपा क्लिपर जीवसृष्टी शोधणार आहे का?

थेट नाही. युरोपा या गुरूच्या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र आहे, त्यात पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे. तिथे जीव तग धरू शकेल अशी परिस्थिती आहे का, हे नासाचं क्लिपर यान तपासणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निघालं, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. त्याचे सौरपंख ३० मीटरहून लांब आहेत, कारण गुरूपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने चार टक्केही उरत नाही.

ते युरोपाभोवती फिरत राहणार नाही. गुरूच्या प्रारणाने इलेक्ट्रॉनिक्स जळून जाईल. म्हणून ते गुरूभोवतीच्या लांबट कक्षेत राहील, झटकन आत शिरून युरोपाला जवळून ओलांडेल आणि बाहेर पडून माहिती पाठवेल. अशा सुमारे पन्नास भेटी, सर्वांत जवळची २५ किलोमीटरवरून.

युरोपचं जूस त्याच्या दीड वर्ष आधी निघालं, पण पोचणार २०३१ मध्ये, कारण त्याचा मार्ग जास्त वळणांचा आहे. शेवटी ते गॅनिमीडच्या कक्षेत राहील. आपला चंद्र सोडून दुसऱ्या कोणत्याही चंद्राभोवती अजून एकही यान असं फिरलेलं नाही.

माणूस पुन्हा चंद्रावर कधी उतरणार?

शेवटचा उतरला डिसेंबर १९७२ मध्ये, अपोलो १७. अमेरिकेने २०२८ चं लक्ष्य ठेवलं आहे, चीनने २०३० च्या आतलं. दोन्ही तारखा पेन्सिलच्या. अमेरिकेच्या बेतातला अवघड भाग म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानात पृथ्वीभोवतीच्या कक्षेतच अतिथंड इंधन भरणं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे कधी झालेलं नाही. बातम्यांमध्ये उड्डाणाच्या तारखेपेक्षा त्या चाचणीकडे लक्ष ठेवा, खरा अंदाज तिथून येईल. इस्रोच्या गगनयानातही माणसं बसण्याआधी व्योममित्र ही यंत्रमानव असलेली उड्डाणं आहेत. हा क्रम योग्यच आहे.

नवी अंतराळ दुर्बीण कोणती?

नॅन्सी ग्रेस रोमन. नासाने स्वतःला मे २०२७ ही बाहेरची मुदत घालून घेतली आहे. आरसा हबलएवढाच, २.४ मीटरचा, पण एका चित्रात हबलच्या शंभर पट आकाश मावतं. कृष्ण ऊर्जा (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) आणि इतर ताऱ्यांभोवतीचे दूरचे ग्रह हे तिचे मुख्य विषय.

शनीच्या चंद्रावर ड्रोन जाणार हे खरं?

हो. ड्रॅगनफ्लाय, उड्डाण २०२८ मध्ये, टायटनवर पोचणार २०३४ मध्ये. टायटनची हवा आपल्यापेक्षा दाट आणि गुरुत्वाकर्षण सातवा भाग, त्यामुळे तिथे उडणं पृथ्वीपेक्षा सोपं आहे. यानाला आठ पंखे आहेत.

रोज दिसण्यासारखं काही?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. अनेकांनी ते अजून पाहिलेलं नाही, आणि या दशकाच्या शेवटी ते पॅसिफिकमध्ये पाडायचा बेत आहे, तेव्हा पाहून घ्या. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी, कुठल्याही ताऱ्यापेक्षा तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. पुष्कळदा तो आकाशाच्या मध्येच तांबूस होत विझतो. तिथे तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. तुमच्या गावावरून तो कधी जाणार, हे नासाच्या संकेतस्थळावर मिळतं.

दुर्बीण घ्यायची आहे. कोणती?

आधी द्विनेत्री घ्या, ७×५० किंवा १०×५०. गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, चंद्रावरचे खड्डे, धूमकेतू हे सगळं तिच्यातून दिसतं. वर्षभर ती वापरून झाल्यावर मोठ्या दुर्बिणीचा विचार करा. तेव्हा आपल्याला काय बघायला आवडतं हे कळलेलं असतं.

वेळा वाचताना गोंधळ होतो, काय करावं?

बहुतेक ठिकाणी वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये दिलेली असते. तीत आपल्या देशाचा फरक मिळवायचा आणि तारीख बदलते का तेही पाहायचं. अपोफिस सर्वांत जवळ येतो १३ एप्रिलला यूटीसी २१:४६ वाजता. भारतात तेव्हा १४ एप्रिलची पहाट, ३:१६ झालेले असतील. उल्कावर्षावाची ‘१३-१४ डिसेंबर’ ही रात्र म्हणजे १३ ची संध्याकाळ ते १४ ची पहाट. १४ च्या संध्याकाळी बाहेर पडलात तर बहर सरून गेलेला असेल.